प्रभूच्या मेजाकडे येताना

ख्रिस्तात प्रिय मुला,
सप्रेम सलाम.

दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली, होऊनही प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या, रविवारी तू मेजाकडे न येता बाकावरच बसून राहतोस, कारण आपण त्या योग्यतेचे नाही असे तुला वाटते, हे तुझ्या पत्रातून कळले. तुझी ही भीती मी हलकी मानत नाही. पुष्कळ प्रामाणिक भाविक याच कारणाने मेजापासून दूर राहतात. तरीही ज्या वचनाच्या धाकाने तू थांबला आहेस, ते तुला थांबवण्यासाठी लिहिलेले नाही, असे मी खात्रीने सांगतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात, 27 व्या वचनात, अयोग्य प्रकारे भाकर खाण्याविषयी इशारा आहे. तू तेवढाच वाचतोस; 17 व्या वचनापासून वाच. इ.स. 55 च्या सुमारास प्रेषित पौल हे लिहीत होता, तेव्हा करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजन सामुदायिक जेवणाबरोबर होत असे, आणि त्या जेवणात सुस्थितीतले लोक आपले अन्न आधीच उरकून घेत, कोणी पिऊन मस्त होई, तर ज्यांच्याजवळ काहीच नव्हते ते उपाशी राहून लाजत. पौलाचा संताप या वागण्यावर आहे. आपल्या पापाने व्याकूळ झालेल्या माणसाला तो तिथे कुठेही हाकलत नाही. उलट प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे आणि मग भाकर खावी, असे तो सांगतो. परीक्षण करून घरी बसावे, असे सांगत नाही.

पहिल्या प्रभुभोजनाला कोण बसले होते, तेही पाहा. लूकच्या शुभवर्तमानातील वृत्तांतात भाकर आणि प्याला दिल्यानंतर लगेच प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. त्यानंतर शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण, यावर वाद होतो. आणि त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्र तीन वेळा त्याला नाकारतो. हे सारे ठाऊक असूनही त्याने भाकर मोडली. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय याच्या बाबतीतही क्रम हाच आहे: येशू आधी त्याच्या घरी उतरतो, आणि मग जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवतो. आपण सुधारल्यावर देव जवळ करतो असे नसून, त्याने जवळ केल्यामुळे आपल्याला सुधारता येते, यालाच आपण कृपा म्हणतो.

मात्र ही कृपा एकट्याने घ्यायची वस्तू नाही, आणि याबाबतीत आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांना काही विशेष कळायला हवे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरात महार व मांग समाजांतून आलेल्या लोकांबरोबर सवर्ण घरांतून आलेले थोडेजण एका भाकरीचे वाटेकरी झाले, तेव्हा रोटीबंदीने बांधलेल्या समाजात ती कृती कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठ्याने बोलली असणार. ती भाकर घेऊनही मनात जात शिल्लक ठेवणारे आपल्यात आजही आहेत, आणि पौलाचा इशारा तुझ्यापेक्षा त्यांना अधिक लागू पडतो, असे मला वाटते.

भाकरीत ख्रिस्त कोणत्या रीतीने उपस्थित असतो, हा तुझा दुसरा प्रश्न. 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली या दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारकांत 15 मुद्द्यांपैकी 14 वर एकमत झाले आणि नेमका याच ठिकाणी मतभेद राहिला. त्याचा अभ्यास जरूर कर, परंतु तो पुरा होईपर्यंत मेज टाळू नकोस. ज्याने घ्या, खा असे म्हटले, त्याने आधी समजून घ्या अशी अट घातलेली नाही.

थोरल्या भावाशी तुझे बोलणे बंद आहे, असे तू शेवटच्या ओळीत ओझरते लिहिलेस. माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात प्रभू वेदीजवळचे अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. तेव्हा येत्या रविवारपूर्वी त्याच्याकडे जा, चूक कोणाची याचा हिशेब न काढता बोल. त्याने दार उघडले नाही, तरी तू मेजाकडे ये. तुझ्याकडून जेवढे होण्यासारखे होते तेवढे तू केलेले असशील. मन जड असेल तर आदल्या दिवशी पाळकांना भेट, आणि उपासनेला तुझ्या आईसोबत बस.

तुझा ख्रिस्तातील हितचिंतक