बॉल तुझ्या घरी ठेवू नकोस

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला, जर्सीचा फोटोपण बघितला, मस्त आहे, लोगोत वाघ कशाला ते कळलं नाही पण असो. गावात फुटबॉल क्लब काढतोयस आणि सल्ला मला विचारतोयस, माझा क्लब दोन सीझन आणि वर थोडे दिवस चालला रे. त्यामुळे जिंकायचं कसं ते विचारूच नको, बुडतो कसा ते सांगतो.

महूच्या पलीकडचं गाव होतं, मी इंदूरहून दर रविवारी पोहे-जिलबी हाणून बाइकवर जायचो. ग्राउंड म्हणजे एका काकांचं पडीक शेत, गोलपोस्ट बांबूचे, तेही नजरेनेच उभे केलेले. मग महूला पहिली मॅच. नियमाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, आमचा त्याहून दोनेक हात कमी निघाला, आमचा गोलकीपर महूच्या त्या मोठ्या गोलच्या मधोमध असा उभा की लग्नाच्या हॉलवर तास-दीड तास आधीच येऊन बसलेला पाहुणाच. सात गोल खाल्ले. जर्सी राहू दे, आधी टेप घेऊन ये.

पावसात आपली माळव्याची काळी माती तुला माहितीच आहे, बुटाला अशी चिकटते की पोरं मॅच थांबवून काडीने खरवडत बसायची, आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा, पाय मुरगळलाच समज. खेळायला महिने उरतात थोडे, त्यातच सप्टेंबरअखेर सोयाबीन कापणीला येतं. मी शहरातला शहाणा, नेमकी तेव्हाच टूर्नामेंटची एंट्री भरून बसलो, ग्राउंडवर आले चौघं. मी नको ते बोललो. एका पोराचे वडील शांतपणे म्हणाले, शेंगा तडकल्या तर दाणे कोण वेचणार, तुम्ही?

पुढे तिघं पीथमपूरला फॅक्टरीत लागले, शिफ्टमुळे रविवारही गेला. लोकांना मी बरीच वर्षं हेच कारण सांगायचो. खरं तर बॉल, पंप, हिशोबाची वही, सगळं इंदूरला माझ्या माळ्यावर. पोरांना बुधवारी खेळावंसं वाटलं तर काय करायचं? मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा रविवार गेलो नाही, सातव्याला गेलो तर काकांनी बोर घेऊन तिथे गहू पेरलेला आणि आमचे बांबू गोठ्याला लागलेले. कुणी साधा फोन केला नाही. का करतील, क्लब त्यांचा होता कुठे?

एमपीत क्लब सोसायटी म्हणजे संस्था म्हणून रजिस्टर करायचा तर १९७३च्या कायद्याने कमीत कमी ७ माणसं लागतात. मी कटकट म्हणून टाळलं, तू टाळू नकोस, आणि ती सातही गावातलीच घे, शेतवाल्या काकांना आधी विचार, पोरांच्या दोघी-तिघी आयापण असू देत. बॉल किराणा दुकानात ठेव, दुकान रात्रीपर्यंत उघडं असतं.

माझा जुना पंप अजून आहे, वॉशर बदलून ठेवतो, रविवारी येऊन ने. पिन मात्र ओली करून घाल, कोरडी घुसवली की वॉल्व जातो, माझे दोन बॉल तसेच गेलेत.

तुझा काका