वाचकांचे प्रश्न : सायकलपटू एकटाच जिंकतो का?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा पुतण्या पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीत पोहोचवतो आणि मग सायकलने जांबोटीवरून चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. स्लोव्हेनियाचा विजेता सायकलपटू पोगाचार याच्यासारखे व्हायचे, हा एकच ध्यास त्याने घेतला आहे. असे विजेते श्रीमंत घरांतलेच असतात का? आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाने या वाटेला जावे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दुधाच्या किटल्यांचा उल्लेख वाचताना इटलीच्या फाउस्तो कोप्पी यांची आठवण झाली. शाळा सोडून ते एका खाटकाच्या दुकानात कामाला लागले आणि घरोघरी मांस पोहोचवण्यासाठी सायकल चालवू लागले. याच मुलाने पुढे पाच वेळा जिरो दि इटालिया ही इटलीची आणि दोन वेळा टूर द फ्रान्स ही फ्रान्सची मोठी सायकल शर्यत जिंकली. डेन्मार्कचे योनास विंगेगॉर व्यावसायिक होण्यापूर्वी मासळीच्या कारखान्यात काम करत, तर २०१९ मध्ये टूर जिंकणारे कोलंबियाचे एगान बर्नाल यांचे वडील सुरक्षारक्षक होते. तेव्हा घरच्या परिस्थितीमुळे पुतण्याला अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मोबाईलवर केवळ विजेत्याचा चेहरा दिसतो, आणि या खेळाचा खरा जीव त्याच्या मागे असतो. टूरमध्ये प्रत्येक संघाचे आठ सायकलपटू तीन आठवड्यांत सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर कापतात आणि त्यांतले बहुतेक जण स्वतःसाठी नव्हे, तर आपल्या नायकासाठी राबतात. समोरचा वारा ते अंगावर घेतात, म्हणजे मागे चालणाऱ्या नायकाची ताकद शेवटच्या चढासाठी शिल्लक राहते. सहकारी मुद्दाम मागे पडून संघाच्या गाडीपाशी येतो, पाण्याच्या सहा-सात बाटल्या पाठीच्या खिशांत आणि गळ्यातून सदऱ्यात कोंबतो आणि ते ओझे घेऊन पुन्हा घोळक्यातून वाट काढत पुढे जातो. नायकाचे चाक पंक्चर झाले, तर तो स्वतःचे चाक काढून देतो. विजेत्याच्या बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून घेण्याची प्रथा त्यातूनच रुजली आहे. कोप्पीदेखील १९४० मध्ये जिनो बार्ताली यांचे मदतनीस म्हणूनच जिरोत उतरले होते. बार्ताली पडून जखमी झाले आणि वयाच्या विसाव्या वर्षी कोप्पी स्वतःच ती शर्यत जिंकले.

ही कारकीर्द फार लांब नसते. पाच वेळा टूर जिंकलेले बर्नार इनो बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाले आणि ब्रिटनी प्रांतात शेती करू लागले. म्हणून पुतण्याचे शिक्षण सुटू देऊ नका. आपल्या शेजारच्या विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांनी चांगले सायकलपटू घडवले आहेत. तिथल्या प्रशिक्षकांना भेटा आणि चार मुलांच्या घोळक्यात त्याला सराव करू द्या, कारण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला एक वीत अंतरावर चिकटून कसे चालायचे, हे चोर्ल्याच्या चढावर एकट्याने फिरून कळत नाही.

आणखी एक काम मात्र आजच करा. पहाटेच्या अंधारासाठी त्याला हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घेऊन द्या. जानेवारी २०२२ मध्ये बर्नाल थांबलेल्या बसवर आदळले आणि त्यांची अनेक हाडे मोडली, तेव्हा ते शर्यतीत नव्हते. घराजवळच्या रस्त्यावर रोजचा सराव करत होते.