बारावीनंतर लेकरं बीकॉम-बीबीएकडं का चाललीत?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक सायन्सनं बारावी झाली अन् आता बीबीए करते म्हणायली, घरात कुणाचा धंदा नाही मग हिला हे सुचलं कुठून, असं तुम्ही विचारलंय. नांदेडला मोंढ्याजवळ माझं अकाउंटचं काम आहे, बरीच वर्षं अशी लेकरं हाताखाली शिकून गेलीत, म्हणून सांगतो. धंदा करायचा म्हणून तिकडं जाणारी थोडीच, आडतवाल्याची, किराणा-कापडवाल्याची पोरं.

बाकीच्यांचं असंय की आपल्याकडं दहावीपासून नीट, जेईई, लातूर पॅटर्न, याशिवाय काही कानावरच पडत नाही. दोन वर्षं लेकरू त्यात पिळून निघतं, मार्क नाही आले की रिपीट करायचं का, परत क्लासची फी कुठून भरायची, त्यात सोयाबीनला भाव नाही. कॉमर्सची फी झेपते, अन् कुठलीही डिग्री हातात असली की बँकेच्या परीक्षेला, एमपीएससीला बसता येतं. लेकरांनी घरची परिस्थिती बघून केलेला हिशोब आहे हा, त्याला कृपा करून नावं ठेवू नका.

अन् काम डोळ्यापुढं दिसतं ना. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तवापासून साध्या हार्डवेअरवाल्यालाही रिटर्न भरायला माणूस लागतो. बीकॉम सेकंड इयरची एक पोरगी माझ्याकडं येते, रिटर्नची २० तारीख जवळ आली की दुकानदारानं पिशवीत कोंबून आणलेली खरेदीची बिलं काढून एकेक जीएसटी पोर्टलवरच्या २बीशी, म्हणजे माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवत बसते. बिल हातात आहे पण माल विकणाऱ्यानं ते दाखवलंच नाही तर आपल्या दुकानदाराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, अडकतं, मग ती स्वतःच त्या व्यापाऱ्याला फोन लावते, बिल नंबर सांगून विचारते. पहिल्यांदा आली तवा फोनवर आवाज फुटत नव्हता तिचा. फार कौतुक वाटतं मला.

बीबीएचं मात्र नीट बघून घ्या. नाव भारी वाटतं, फी बीकॉमपेक्षा बरीच जास्त, अन् पुढं काय होतं ते कॉलेजवर असतं. २०२४ पासून हे कोर्स एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली गेले अन् सीईटी लागू झाली, तर काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय ऍडमिशन चालू ठेवले. डिग्रीवर नेमकं काय छापून येणार ते आधी लेखी घ्या.

जवळपास चांगलं कॉलेज नसेल तर मी सरळ बीकॉम अन् सोबत सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, म्हणीन. चारच पेपर असतात, सायन्सवाल्यांना त्यातलं गणित जड जात नाही. फाउंडेशन नाही निघालं तरी बीकॉमला ५५ टक्के पडले की थेट सीएच्या दुसऱ्या टप्प्याला, इंटरला बसता येतं.

पण आधी तिलाच विचारा, बीबीएत काय आवडलं म्हणून. मार्केटिंग, माणसांशी बोलणं असं काही म्हणाली तर अडवू नका. मैत्रिणी चालल्यात एवढंच कारण निघालं तर जुलैत पंधरा दिवस एखाद्या सीएच्या ऑफिसात बसवा, तवा इन्कम टॅक्सच्या रिटर्नची गर्दी असते अन् काम कसं असतं ते कळतं. नांदेडात असाल तर माझ्याकडंच पाठवा.