दोन वर्षांचा ट्रॅक्टर सारखा बंद पडतोय: ठेवू की बदलू?

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी किमतीच्या ८० टक्के कर्ज काढून नवा ट्रॅक्टर घेतला. व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं, हप्ता महिन्याचा. मीटरवर जेमतेम ९०० तास झालेत आणि सात वेळा बंद पडला, त्यातला दोनदा ऐन पेरणीत. वॉरंटीत न बसलेली दुरुस्ती आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळून किमतीच्या ८ टक्के खर्च झाला. नांगरट कमी, ट्रॉली आणि फवारणीच जास्त. डीलर किमतीच्या ५८ टक्क्यांना जुना परत घेऊन नवा द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, देऊन टाका. काय करू?

उत्तर: नमस्कार. पेरणीला वाफसा आलेला, माणसं बांधावर उभी आणि ट्रॅक्टर चालू होत नाही, यासारखा जीव खाणारा प्रसंग शेतात दुसरा नाही. मुलाचा वैताग मला पूर्ण समजतो. तरीही माझं मत सांगतो: आत्ता बदलू नका. एक हंगाम थांबा, पण नुसते थांबू नका.

आधी हिशेब करू. ट्रॅक्टरची किंमत १०० धरली तर तुमचं कर्ज ८० होतं. पाचातली दोन वर्षं फेडली, म्हणजे निम्म्याच्या जवळ आलो असं वाटतं. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल अजून सुमारे ५४ बाकी आहे. डीलरचे ५८ आले की कर्ज फिटून हातात उरतात ४. नव्याला पुन्हा ८० कर्ज घेतलंत तर खिशातून वर १६ घालायचे, आणि डोक्यावरचं कर्ज ५४ वरून परत ८० वर. शिवाय पाच वर्षं पहिल्यापासून मोजायला लागायचं.

आता पुढची दोन वर्षं पाहा. नव्या ट्रॅक्टरची किंमतही याच्यासारखीच १०० वरून ५८ वर उतरली, तर दोन वर्षांत ४२ गेले. हातातल्याची मोठी घसरण होऊन गेली आहे. तो ५८ वरून ४८ वर येईल असं धरू, म्हणजे १० गेले. फरक ३२. वाढलेल्या कर्जाचं जादा व्याज दोन वर्षांत साधारण ७. म्हणजे बदलण्याची खरी किंमत ३९ च्या घरात जाते. आजवरचा त्रास ८ चा. दुरुस्ती आणि भाड्याचा खर्च जवळपास पाचपट झाला, तरच बदलणं पैशाच्या दृष्टीने परवडतं.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगतो. झालेले ८ या निर्णयात धरू नका. ‘एवढा खर्च केलाय, आता कसा विकू’ हेही चुकीचं आणि ‘एवढा खर्च खाल्ला, आता नकोच’ हेही चुकीचं. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. विचारायचं ते एवढंच, की पुढचा खर्च किती.

आणि ते ठरतं एका प्रश्नावर: सात वेळा बंद पडला, तो सात कारणांनी की एकाच? तुमच्या पत्रात हे नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. एका शेतकऱ्याचं प्रकरण माझ्यासमोर आहे. त्यांच्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर दर थोड्या दिवसांनी नवा एरर कोड यायचा. दोन सेन्सर बदलून झाले. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने बॅटरीची अर्थिंगची वायर चेसिसवरून सोडवली. बोल्टच्या खालचा रंग खरवडलेलाच नव्हता, टर्मिनलवर हिरवट भुकटी साचली होती. रंग घासून बोल्ट परत आवळला आणि कोड यायचे थांबले. व्होल्टेज कमी पडलं की आजच्या इंजिनांचा कंट्रोलर कुठलाही दोष दाखवू लागतो.

तुमच्या कामाचा प्रकार वाचून आणखी एक शंका येते. ट्रॅक्टरला धुराचा फिल्टर असेल, म्हणजे डीपीएफ, तर त्यातली काजळी जळायला धूर खूप तापावा लागतो आणि तो तापतो इंजिनवर भार आल्यावर. ट्रॉलीच्या छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यात तो तापत नाही. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू असतानाच इंजिन बंद केलं तर काजळी आत तशीच राहते. फिल्टर तुंबला की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. कारण हे निघालं तर नवा ट्रॅक्टरही तुमच्याकडे तसाच वागेल, कारण काम तेच राहणार. वीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला हा फिल्टर नव्हता, म्हणून त्याच्याशी तुलना करून मनाला लावून घेऊ नका. तिसरं कारण डिझेलमधलं पाणी. कॉमन रेल, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या इंजेक्टरना ते सोसत नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून आजच एक वही करा. तारीख, मीटरचे तास, कोणतं काम चालू होतं, कोणता कोड आला, काय बदललं, किती दिवस उभा राहिला. वॉरंटी वर्षं आणि तास यांतलं जे आधी भरेल तिथे संपते. तुमची नेमकी कधी संपते ते पुस्तिकेत बघा आणि त्याआधी प्रत्येक तक्रार लेखी द्या, सही-शिक्क्याची पोच घ्या. फोनवर सांगितलेली तक्रार नंतर कोणी मोजत नाही. एकच दोष तीनदा आला असेल तर कंपनीकडे लेखी मागणी करायला हीच वही कामाला येते.

पेरणीचा धोका मात्र खरा आहे, तो असा सोडून चालणार नाही. उशिरामुळे पिकाचं जे नुकसान होतं ते माझ्या हिशेबात नाही. त्यासाठी हंगामाआधीच एखाद्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलून थोडी आगाऊ रक्कम द्या आणि ‘अडलो तर दुसऱ्या दिवशी यायचं’ असं ठरवून ठेवा. वर्षाला किमतीच्या १-२ टक्के गेले तरी चालतील.

माझं मत बदलेल ते एका गोष्टीवर. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक किंवा इंजिन उघडून दुरुस्त झालं आणि तोच भाग पुन्हा गेला, तर वॉरंटी शिल्लक असतानाच विका. वॉरंटी संपल्यावर भाव आणखी पडेल. तेव्हाही फक्त डीलरला विचारू नका, बाहेरचा भाव काढा, आणि घेणाऱ्याला दोष सांगूनच द्या. बँकेकडून मुदतीपूर्वी कर्ज बंद करण्याचं शुल्क किती ते लेखी घ्या, ते माझ्या आकड्यांत धरलेलं नाही.

वही मुलाच्या हातात द्या. सात वेळच्या नोंदी आठवून त्यानेच आधी भराव्यात, मग दोघांनी मिळून मेकॅनिकसमोर ठेवाव्यात. पेरणीनंतर ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.