साहेब चिडले तरी उलटा फोन कर

अगं,

तुझा मेसेज वाचला. सप्लायरचं खातं बदललंय, आजच नव्या खात्यावर आरटीजीएस कर, असा साहेबांचा व्हॉइस मेसेज आला. तू त्यांच्या नंबरवर फोन करून विचारलंस, मेसेज खरा निघाला, आणि "माझा आवाज ओळखत नाहीस का?" म्हणून सगळ्यांसमोर ओरडा खाल्लास. आता तू म्हणतेस, पुढच्या वेळी फोन करणार नाही, मेसेज आधी एआयला दाखवीन.

तू चुकली नाहीस, हे सांगत बसत नाही. ते तुलाही माहीत आहे. तुला बोचतोय तो संकोच. मला काळजी आहे ती पुढच्या वेळेची.

निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने खात्री करायची नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावायचा, नाहीतर उठून केबिनमध्ये जायचं. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

आवाज ओळखीचा असून आता काही सिद्ध होत नाही. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं की नक्कल तयार होते. चेहऱ्याचंही तेच. अरुप ही बांधकाम क्षेत्रातली मोठी अभियांत्रिकी कंपनी. 2024 च्या सुरुवातीला त्यांच्या हाँगकाँग कार्यालयातल्या माणसाला गुप्त व्यवहाराचा मेसेज आला. त्याला आधी शंका आली होती, बरं का! मग त्याला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं, तिथे ओळखीचे वरिष्ठ दिसले, बोलले, आणि शंका विरली. सगळे बनावट. सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. मुख्य कार्यालयाला स्वतःहून विचारल्यावर खरं कळलं, पण तोवर पैसे गेले होते. शंका आली तेव्हाच विचारायचं ते त्याने मीटिंगवर भागवलं, आणि मीटिंग बोलावली होती चोरांनीच.

आणि तू पुण्यात राहतेस, तेव्हा ऑगस्ट 2018 चं कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुला ठाऊक हवं. एटीएम पैसे देण्याआधी बँकेच्या यंत्रणेला विचारतं. चोरांनी ती विचारणाच वळवली, मध्ये आपला खोटा स्विच, म्हणजे बँकेच्या जागी उत्तर देणारी नकली यंत्रणा, बसवला, आणि तो "द्या, द्या" म्हणत राहिला. कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, एकूण फटका सुमारे 94 कोटींचा. विचारलं गेलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, उत्तरही आलं होतं. उत्तर देणारी बँक नव्हती, एवढंच.

आता तुझा एआय. इथे मात्र मी चिडलो. त्याला तुझ्या साहेबांनी काय सांगितलं हे कुठून कळणार? तू दाखवशील तेवढंच तो बघतो. पूर्वी गचाळ भाषेवरून लबाडी ओळखू यायची. आता चोरही त्याच एआयकडून साफसूफ मराठी लिहून घेतात. नेटवर खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात, तेही त्याच्या वाचनात येतात. पत्राचा मसुदा करून घे, एक्सेलचं सूत्र विचार, मीही विचारतो. खात्री मात्र त्याच्याकडून नाही.

मी हे एवढं ताणून का सांगतो, तेही ऐक. आमच्या वेळी बँकेत टीटीने, म्हणजे तारेच्या निरोपावर, पैसे यायचे. निरोपासोबत एक आकडा असे, तो शाखेतल्या गुप्त कोडच्या पुस्तकाशी जुळवल्याशिवाय आम्ही पैसे देत नसू. पुस्तक तारेतून येत नसे, कपाटात असे. एकदा आकडा जुळेना. समोर दवाखान्यासाठी पैसे हवे असलेला माणूस, शाखेचा जुना खातेदार. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त निरोप आला, पैसे त्याचेच होते. त्याने खातं बंद केलं आणि पुढे रस्त्यात दिसला तरी मान वळवायचा. मला त्याचं आजही वाईट वाटतं. शाखेत मला "संशयी" म्हणायचे, म्हणोत. आज तोच माणूस समोर आला आणि आकडा जुळला नाही, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. पैसे त्याचे निघाले हे दुसऱ्या दिवशी कळलं. मला निर्णय आदल्या दिवशी घ्यायचा होता. तुझंही तेच झालं. मेसेज खरा निघाला म्हणून फोन वाया गेला, असा हिशेब मांडू नकोस.

सोमवारी एक कर. कुठलंही पेमेंट अडलेलं नसताना साहेबांकडे जा आणि सांग: खातं बदललं की मी सप्लायरला आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करणार, आणि निरोप तुमचा असला तर तुम्हालाही. हे मेलवर लेखी घे. नव्या पत्रातला नंबर लावायचा नाही, तो पत्र पाठवणाऱ्याने दिलेला असतो. आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवायचं. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.

साहेब लेखी द्यायला तयार नसतील तर त्यांच्याशी भांडू नकोस. पेमेंटचं काम सोडून दुसरं टेबल मागून घे.

तुझा,
काका