‘फास्ट’चा मूळ अर्थ घट्ट

‘फास्ट’ म्हणजे वेगवान, तर ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला कसा, आणि हे दोन निराळे शब्द मानावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. शब्द एकच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘घट्ट, पक्का, जागचा न हलणारा’ असा होता, आणि जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘फेस्ट’ आजही त्याच अर्थाने वावरतो. अढळ माणूस ‘स्टेडफास्ट’, रंग न सोडणारे कापड ‘कलरफास्ट’. व्रत घट्ट धरणे म्हणजे उपवास, इंग्रजीत ‘फास्ट’च, आणि तो मोडणे म्हणजे ‘ब्रेकफास्ट’. हे कोणत्याही बऱ्या कोशात सापडेल.

वेगाचा अर्थ मागाहून आला. घट्टपणातून जोर आणि जोरातून वेग, असा तो प्रवास आहे. आपण ‘गाडी जोरात चालवू नकोस’ म्हणतो तेव्हा ‘जोर’ या शब्दाने नेमकी हीच वाट चाललेली असते. त्याहून सुंदर साम्य ‘गाढ’ या शब्दात आहे. गाढ आलिंगन घट्ट असते, गाढ मैत्री अतूट असते आणि गाढ झोप सहजी मोडत नाही. इंग्रजीतही घट्ट पकड, पक्के मित्र आणि गाढ झोप या तिन्हींना ‘फास्ट’च लागतो. त्यामुळे ‘परस्परविरोधी अर्थांचे शब्द’ अशा याद्यांत ‘फास्ट’ला बसवून हा इंग्रजीचा विक्षिप्तपणा असल्याचे सांगणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे ‘पटकन झोपी गेलेला’ असे शिकवणाऱ्यांनी तर कोश उघडण्याचेही कष्ट घेतलेले नसतात.

परंतु मला खरा संताप येतो तो ‘प्ले फास्ट अँड लूज’ या वाक्प्रचाराचे भाषांतर ‘घाईघाईने आणि ढिलाईने वागणे’ असे केलेले वाचून. येथे वेगाचा मागमूसही नाही. हा सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रचलित असलेला फसवणुकीचा खेळ आहे. खेळवणारा एक पट्टा दुमडून अशा युक्तीने गुंडाळत असे, की मधोमध पक्के वेटोळे दिसावे. बघ्याने त्यात सळई खुपसायची आणि ती ‘फास्ट’ म्हणजे अडकलेली आहे की ‘लूज’ म्हणजे मोकळी, यावर पैज लावायची. बघ्याला ती अडकलेली वाटे, पण पट्ट्याची दोन्ही टोके ओढताच वेटोळे उलगडे आणि सळई मोकळी होई. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकातला अँटनी, आपले आरमार शत्रूला शरण गेल्यावर क्लिओपात्रानेच आपला घात केला असे समजून, तिने आपल्याला याच खेळात फसवल्याचा आरोप करतो. आरमार गमावल्याच्या त्या प्रसंगी ‘घाई आणि ढिलाई’ हा अर्थ लावून पाहावा, म्हणजे तो किती पोकळ आहे ते कळेल. पक्के भासवलेले ऐन वेळी सुटे करणे, शब्द देऊन तो न पाळणे, हा त्या वाक्प्रचाराचा गाभा आहे. एखादा माणूस वस्तुस्थितीशी ‘फास्ट अँड लूज’ खेळतो असे इंग्रजीत म्हटले जाते तेव्हा त्याच्यावर लबाडीचा आरोप असतो, आणि भाषांतरात ‘घाईघाईने’ लिहिणारा त्या लबाडाला केवळ उतावळा ठरवून मोकळा सोडतो.