कथेतील संवाद कृत्रिम वाटू नयेत म्हणून काय करावे?

कथानक बरे जमते, परंतु पात्रे बोलू लागली की पाठ केलेले म्हणून दाखवत आहेत असे वाटते, असा अभिप्राय तुम्हाला वारंवार मिळतो, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्याही कथांविषयी हीच तक्रार होती आणि तिचे एक कारण अगदी साधे निघाले: निवेदनातील 'केले, आवरले' ही रूपे मी पात्रांच्याही तोंडी घालत होतो. आमच्या नौपाड्यातील शुद्धलेखनाचे कट्टर शिक्षकसुद्धा घरी 'सगळं आवरलं' असेच म्हणतात. घरातही भाषण केल्यासारखे बोलणारे एखादे पात्र असेल, तर ती रूपे त्याच्यासाठी राखून ठेवावीत.

त्यानंतर मी ठाणे ते तुर्भे या रोजच्या लोकलप्रवासात कानावर पडणारे बोलणे वहीत जसेच्या तसे उतरवू लागलो आणि तेच कथेत घातले. ते अधिकच कंटाळवाणे झाले, कारण प्रत्यक्ष बोलण्यात पुनरुक्ती फार असते. त्या वहीतून उपयोगी पडली ती एकच गोष्ट: माणसे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच सरळ देतात.

माझ्या एका कथेत मुलगा ठाण्यातील जुने घर विकून घणसोलीला जाऊ पाहतो. पहिल्या खर्ड्यात वडील म्हणत होते, "हे ऐकून मला फार दुःख झाले. या घरात तुझ्या आईच्या आठवणी आहेत." पुढे ते असे झाले:

"बाबा, एजंट रविवारी येतोय घर बघायला."

"रविवारी? हिच्या मशीनला तेल द्यायचंय रविवारी."

"त्या मशीनवर शिवतं कोण आता?"

"तेल दिलं नाही तर चाक जाम होतं."

येथे दुःख हा शब्द नाही आणि आई वारली हेही कोणी सांगत नाही. 'हिच्या' या एका सर्वनामात वडिलांचा संसार अजून चालू आहे, आणि मुलाच्या 'आता'मध्ये तो संपलेला आहे. असे चार शब्द हाती लागले की त्यांच्या मागेपुढे 'ते खिन्नपणे म्हणाले' असे जोडण्याचा मोह होतो. तो मी पुष्कळदा आवरू शकलेलो नाही.

मराठीने या कामी दिलेली साधने आपण फार कमी वापरतो. आयुष्यभर 'अहो' म्हणणारी बायको भांडणात एकदाच 'तू' म्हणाली, तर तिच्या रागाचे वर्णन करणारा परिच्छेद खुशाल काढून टाकावा. 'आला', 'आलाच', 'आला की', 'आला म्हणे' आणि 'आला बाई एकदाचा' यांत घटना एकच आहे. मात्र 'म्हणे' लावणाऱ्याने ती स्वतः पाहिलेली नाही आणि 'एकदाचा' म्हणणारी केव्हापासून ताटकळत आहे, हे निवेदकाने तोंड न उघडताच कळते.

वाचायचे असेल तर कथासंग्रहांपेक्षा नाटके वाचावीत, कारण तेथे पात्राच्या मनात काय चालले आहे ते समजावून सांगायला निवेदक सहसा नसतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेचे सभासदत्व अशा वेळी कामी येते. एखादा प्रवेश वाचून पुस्तक मिटावे, तो स्मरणाने लिहून काढावा आणि मग मुळाशी ताडून पाहावा. आपण नेमकी कोठे अनावश्यक स्पष्टीकरणे घातली ते लगेच दिसते.

बोलीभाषेच्या बाबतीत मात्र जपून राहावे. मी एका कथेत बेलापूरच्या आगरी आजीला पानभर बोलायला लावले होते. तेथेच वाढलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने ते वाचून, ही आजी टीव्हीवरची दिसते, एवढेच म्हटले. मी ते पान काढून टाकले आणि त्याने स्वतः सुचवलेली दोन वाक्ये ठेवली. उरलेल्या वेळी आजी जाळे विणत गप्प बसते.